युद्ध, करकपात आणि कर्जरोखे: 2003 सालच्या तीन फायली

देश युद्धात गुंतलेला असताना आणि सरकारचे कर्ज वाढत असताना कर कमी करण्याला काही आर्थिक तर्क असू शकतो का, आणि अमेरिकेने 2001 ते 2003 या काळात जे केले ते खरोखरच इतिहासात अपवादात्मक होते का, असे तुम्ही विचारले आहे. मुंबईतील एका बँकेच्या ट्रेझरी विभागात सरकारी रोख्यांच्या, म्हणजे सरकारने काढलेल्या कर्जाच्या कागदांच्या, खरेदी-विक्रीत माझ्या नोकरीची बहुतेक वर्षे गेली. त्यामुळे कर भरणारा या प्रश्नाकडे जसा पाहतो तसा मी पाहत नाही. कर न घेतल्यामुळे जे रोखे बाजारात येतात ते विकत घेणाऱ्याच्या जागेवरून पाहतो. तिथून मला असे दिसते की करकपातीमागे तर्क होता, पण तो शिल्लक असलेल्या अंदाजपत्रकाचा होता. शिल्लक गेली, अफगाणिस्तान आणि इराक ही दोन युद्धे आली, तर्क तीनदा बदलला आणि कपात मात्र तीच राहिली.

आधी इतिहास पाहू. यादवी युद्धाच्या वेळी, 1861 मध्ये, अमेरिकेने आपला पहिला प्राप्तिकर कायदा केला. पहिल्या महायुद्धात सर्वोच्च दर 77 टक्क्यांपर्यंत गेला. तोच दर 1913 मध्ये 7 टक्के होता. दुसऱ्या महायुद्धात तो 94 टक्क्यांवर पोहोचला, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे प्राप्तिकर भरणाऱ्यांची संख्या सुमारे 40 लाखांवरून 4 कोटींच्या वर गेली आणि 1943 पासून पगारातूनच कर कापून घेण्याची पद्धत सुरू झाली. कोरियाच्या युद्धात राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी लागोपाठ कर वाढवले. व्हिएतनामच्या वेळी जॉन्सन यांनी बरीच टाळाटाळ केली, महागाई डोके वर काढू लागली, आणि अखेर जून 1968 मध्ये प्राप्तिकरावर 10 टक्के अधिभार लावावा लागला; 1969 चे वित्तीय वर्ष त्यामुळे शिलकीत गेले आणि पुढची शिल्लक पाहायला 1998 उजाडले. एवढे पाहिल्यावर 2003 हा अपवाद होता असे म्हणण्याचा मोह होतो, आणि बहुतेक जण तसे म्हणतातही. काटेकोर वाचक मात्र 1846 कडे बोट दाखवील. त्या वर्षी मे महिन्यात मेक्सिकोशी युद्ध जाहीर झाले आणि जुलैमध्ये अर्थमंत्री रॉबर्ट वॉकर यांच्या पुढाकाराने आयात शुल्काचे दर कमी करण्यात आले. पण तेव्हाच्या अमेरिकेचे मुख्य उत्पन्न आयात शुल्क हेच होते, दर चढे असल्यामुळे आयात अडली होती, आणि दर उतरल्यावर आयात वाढून वसुलीही वाढली. कर कमी करून उत्पन्न वाढण्याचे ते अस्सल उदाहरण आहे. 2003 ला ते लावायचे झाले तर आधी 2003 चे दर तितके चढे होते हे दाखवावे लागेल, आणि ते दाखवता येत नाही.

आता 2001 कडे येऊ. त्या वर्षाची मानसिकता आज पटवून देणे कठीण जाते. 2000 या वित्तीय वर्षात अमेरिकी सरकारचे उत्पन्न 2 लाख 2 हजार 500 कोटी डॉलर, खर्च 1 लाख 78 हजार 900 कोटी डॉलर आणि शिल्लक 23,600 कोटी डॉलर होती. जानेवारी 2001 मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या, अंदाजपत्रक कार्यालयाने पुढील दहा वर्षांत एकूण 5.6 लाख कोटी डॉलर शिल्लक राहील असा अंदाज दिला. त्याच महिन्यात फेडरल रिझर्व्हचे, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे, अध्यक्ष ॲलन ग्रीनस्पॅन यांनी सिनेटच्या समितीपुढे साक्ष देताना चिंता व्यक्त केली ती कर्ज फिटून जाण्याची: सगळे फेडता येण्याजोगे कर्ज फिटले तर उरलेल्या पैशातून सरकारला खासगी मालमत्ता विकत घ्याव्या लागतील, आणि त्यापेक्षा कर कमी केलेले बरे. न्यूयॉर्कमध्ये टाइम्स स्क्वेअरजवळ राष्ट्रीय कर्जाचा आकडा दाखवणारे जे विजेचे घड्याळ होते, ते आकडा उलटा धावू लागल्यामुळे सप्टेंबर 2000 मध्ये बंद करून झाकून ठेवले होते. अशा वातावरणात 7 जून 2001 रोजी राष्ट्राध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी 1.35 लाख कोटी डॉलरच्या, दहा वर्षांत पसरलेल्या करकपातीवर सही केली. सर्वोच्च दर 39.6 वरून टप्प्याटप्प्याने 35 टक्क्यांवर यायचा होता, तळाशी 10 टक्क्यांचा नवा टप्पा आला, आणि त्या उन्हाळ्यात करदात्यांच्या घरी 300 व 600 डॉलरचे धनादेश पोहोचले. युद्ध तेव्हा कोणाच्या स्वप्नातही नव्हते. म्हणून 2001 च्या कपातीला युद्धकाळातील करकपात म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

आमच्या कामाच्या टेबलावर या काळाची एक खूण होती, ती मी विसरलेलो नाही. 31 ऑक्टोबर 2001 रोजी, म्हणजे अफगाणिस्तानवरील हल्ले सुरू होऊन तीन आठवडे होत असताना, अमेरिकी अर्थखात्याने जाहीर केले की यापुढे तीस वर्षांचा रोखा विकला जाणार नाही. एवढ्या दीर्घ मुदतीच्या उसनवारीची गरजच उरणार नाही, असा त्यामागचा हिशेब होता. बाजारात त्या दिवशी जुन्या तीस वर्षांच्या रोख्यांच्या किमती एकदम उसळल्या, कारण असलेला माल दुर्मिळ होणार होता. युद्ध सुरू झालेले सरकार आपल्या सर्वांत लांब पल्ल्याच्या कर्जाचे दुकान बंद करत आहे, हे तेव्हा आम्हालाही विचित्र वाटले नाही. शिलकीची सवय किती लवकर लागते, ते पाहा. जुलै 2002 मध्ये न्यूयॉर्कचे ते घड्याळ पुन्हा सुरू करावे लागले.

खरा प्रश्न 2003 च्या वसंत ऋतूचा आहे, आणि माझ्या मते तुमच्या प्रश्नाचे उत्तर त्या सहा आठवड्यांत आहे. इराकवर हल्ला मार्चमध्ये झाला होता. 16 एप्रिलला बुश यांनी सुमारे 7,850 कोटी डॉलरच्या पुरवणी खर्चाच्या विधेयकावर सही केली; त्यातला मोठा भाग युद्धाचा होता. 27 मे रोजी त्यांनी कर्जमर्यादा, म्हणजे सरकारला जास्तीत जास्त किती कर्ज काढता येईल याची कायद्याने घातलेली मर्यादा, 98,400 कोटी डॉलरने वाढवून 7 लाख 38 हजार 400 कोटी डॉलर करणाऱ्या विधेयकावर सही केली. आणि दुसऱ्याच दिवशी, 28 मे रोजी, 35,000 कोटी डॉलरच्या दुसऱ्या करकपातीवर सही केली, जिच्यामुळे लाभांश आणि भांडवली नफा यांवरील कर 15 टक्क्यांवर आला आणि 2001 च्या कपातीतले पुढच्या वर्षांसाठी ठेवलेले टप्पे ताबडतोब लागू झाले. खर्चाची एक फाइल, उसनवारीची दुसरी आणि सवलतीची तिसरी. तिन्ही एकाच टेबलावर आल्या, पण एकही दुसरीच्या शेजारी ठेवून वाचली गेली नाही. एखाद्या गृहस्थाने सोमवारी पतपेढीकडून कर्जाची मर्यादा वाढवून घ्यावी आणि मंगळवारी पगार कमी करून मागावा, तसा हा प्रकार होता. फरक इतकाच की या गृहस्थाला पतपेढी नाही म्हणत नव्हती.

या फायली वेगळ्या राहाव्यात अशी व्यवस्था नियमांतच होती. युद्धाचा खर्च नियमित अंदाजपत्रकात न घालता आणीबाणीचा पुरवणी खर्च म्हणून मागितला जाई, त्यामुळे त्याला खर्चाच्या मर्यादा लागत नसत. आपल्याकडे विधिमंडळात पुरवणी मागण्यांचे गाठोडे येते तेव्हा त्यावर किती चर्चा होते हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना यातली सोय समजावून सांगायला नको. 1990 च्या अंदाजपत्रक कायद्यात असा दंडक होता की कर कमी करायचा तर दुसरीकडून तेवढी भरपाई दाखवा. तो दंडक 2002 मध्ये मुदत संपून गळून पडला. आणि करकपातीच्या कायद्यात मुदतीचा खेळ होता. व्हाइट हाउसने 2003 मध्ये मागितली होती ती याच्या दुपटीहून मोठी कपात. सिनेटमधील काही रिपब्लिकन सदस्य 35,000 कोटींच्या वर जायला तयार नव्हते, म्हणून कपातीतल्या तरतुदी काही वर्षांनी आपोआप संपतील अशा तारखा घालून किंमत त्या आकड्यात बसवली गेली. त्या तारखा पाळल्या जाणार नाहीत, हे मत देणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होते. सिनेटमध्ये 50 विरुद्ध 50 अशी मते पडली आणि उपराष्ट्राध्यक्ष डिक चेनी यांच्या निर्णायक मताने विधेयक मंजूर झाले. विरोधात मत देणाऱ्या रिपब्लिकनांमध्ये जॉन मॅकेन होते. प्रतिनिधिगृहातील रिपब्लिकनांचे नेते टॉम डिले यांनी तर त्याच मार्चमध्ये जाहीरपणे सांगितले होते की युद्ध समोर असताना करकपातीइतके महत्त्वाचे दुसरे काही नाही. ते वाक्य आजही चेष्टेने सांगितले जाते, पण मला त्यात एक प्रकारचा प्रामाणिकपणा दिसतो. बाकीचे निदान उच्चारायला कचरत होते.

युद्धाची किंमत आधी सांगणाऱ्याचे काय होते, हेही याच कथेत आहे. राष्ट्राध्यक्षांचे आर्थिक सल्लागार लॉरेन्स लिंडसे यांनी सप्टेंबर 2002 मध्ये इराक युद्धाला 10,000 ते 20,000 कोटी डॉलर लागतील असा अंदाज दिला. संरक्षणमंत्री रम्सफेल्ड 5,000 कोटींच्या आतले बोलत होते. डिसेंबरमध्ये लिंडसे यांना पद सोडावे लागले, आणि नव्या करकपातीला विरोध करणारे अर्थमंत्री पॉल ओ'नील यांनाही त्याच वेळी घरी जावे लागले. प्रत्यक्षात अफगाणिस्तान, इराक आणि संबंधित कारवायांवर 2014 पर्यंत मंजूर झालेला खर्च, काँग्रेसच्या संशोधन सेवेच्या हिशेबाने, 1.6 लाख कोटी डॉलर होता. लिंडसे चुकले होते, पण ज्या दिशेने त्यांना चूक ठरवले गेले त्याच्या नेमक्या उलट दिशेने.

दोन फायली एकत्र ठेवण्याचा एक प्रयत्न झाला, त्याची आठवण फारशी कोणी काढत नाही. 2003 च्या शरद ऋतूत प्रशासनाने युद्ध आणि पुनर्रचना यांसाठी आणखी 8,700 कोटी डॉलर मागितले. तेव्हा सिनेटर जो बायडेन आणि जॉन केरी यांनी दुरुस्ती मांडली की सर्वांत वरच्या उत्पन्नगटाला दिलेल्या सवलतीचा काही भाग मागे घेऊन ही रक्कम उभी करावी. ती 57 विरुद्ध 42 मतांनी बाजूला सारली गेली. केरी यांनी मग मूळ विधेयकाच्या विरोधात मत दिले, आणि पुढल्या वर्षी राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत "आधी बाजूने मत दिले आणि मग विरोधात" अशा अर्थाचे त्यांचे स्वतःचेच वाक्य त्यांच्या गळ्यात बांधले गेले. युद्धाचा पैसा कोठून आणायचा हा प्रश्न विचारण्याची राजकीय किंमत किती, ते त्या एका वाक्याने सर्वांना शिकवले.

अर्थशास्त्र काय म्हणते, हे तुम्ही मुद्दाम विचारले आहे. युद्धासाठी कर्ज काढणे यात मुळात काहीच वावगे नाही. अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट बॅरो यांनी 1979 मध्ये मांडलेला विचार असा की, कराचे दर वर-खाली हलवत राहिल्याने जे नुकसान होते ते टाळण्यासाठी दर शक्य तितके स्थिर ठेवावेत आणि युद्धासारखा तात्पुरता मोठा खर्च कर्जातून भागवून नंतर शांतपणे फेडावा. करकपातीचे समर्थक या विचाराचा आधार घेत, पण त्यातला 'स्थिर' हा शब्द गाळून. कर स्थिर ठेवून कर्ज काढा, असे हा सिद्धांत म्हणतो. कर उतरवून कर्ज काढा, असे म्हणत नाही. दुसरा युक्तिवाद मंदीचा होता, आणि तो मला अधिक वजनदार वाटतो. मार्च ते नोव्हेंबर 2001 मंदी होती, त्यानंतरही नोकऱ्या वाढत नव्हत्या, आणि अशा वेळी लोकांच्या हातात पैसा ठेवणे शहाणपणाचे असते. पण मंदीवरचे औषध एक-दोन वर्षांचे असते आणि जो मिळालेला पैसा लगेच खर्च करील त्याच्या हातात ते द्यावे लागते. लाभांशावरील कर कमी करणे हे त्या औषधाच्या चिठ्ठीत बसत नाही. युद्ध आकाराने लहान होते, हा तिसरा मुद्दा खराच आहे. दुसऱ्या महायुद्धात संरक्षणखर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या एक तृतीयांशाहून अधिक होता. 2001 नंतरच्या दशकात तो 3 टक्क्यांवरून 5 टक्क्यांच्या आत-बाहेर गेला. एवढा भार कर न वाढवता पेलता आला असता. तो कर कमी करून पेलला गेला, इतकाच आक्षेप आहे.

करकपात स्वतःची किंमत स्वतःच वसूल करते का? 2003 मध्ये उत्पन्न 1 लाख 78 हजार 200 कोटी डॉलरपर्यंत घसरले आणि तूट 37,800 कोटींची झाली. 2004 मध्ये तूट 41,300 कोटींवर गेली आणि राष्ट्रीय उत्पन्नातील सरकारी वसुलीचा वाटा 2000 च्या 20 टक्क्यांवरून 16 टक्क्यांच्या आसपास आला. त्यानंतर वसुली झपाट्याने वाढली आणि 2007 मध्ये तूट 16,100 कोटींपर्यंत उतरली, ते समर्थक अभिमानाने सांगतात. वाढली हे खरे. पण 2000 ची डॉलरमधली पातळी ओलांडायला 2005 उजाडले, आणि त्या पाच वर्षांतली महागाई व वाढलेली लोकसंख्या धरली तर ती पातळी गाठली असेही म्हणता येत नाही. बुश यांच्या आर्थिक सल्लागार मंडळाचे अध्यक्ष राहिलेले ग्रेगरी मॅन्क्यू यांनीही करकपात आपला सगळा खर्च भरून काढते हा दावा मान्य केलेला नाही. इथे न्यायाने हेही सांगायला हवे की घसरणीला एकटी करकपात कारणीभूत नव्हती. शेअर बाजाराचा फुगा फुटल्याने भांडवली नफ्यावरचा कर आटला होता, आणि डिसेंबर 2003 मध्ये वृद्धांच्या औषधांसाठी नवी योजना आली, तीही भरपाई न दाखवता.

मग एवढे रोखे घेतले कोणी, आणि व्याजदर का भडकले नाहीत? हा भाग आमच्या धंद्याचा. जून 2003 मध्ये फेडरल रिझर्व्हने आपला दर 1 टक्क्यावर आणला आणि दहा वर्षांच्या रोख्यावरचा परतावा 3 टक्क्यांच्या थोडा वर होता. जपान आपले चलन वधारू नये म्हणून प्रचंड प्रमाणात डॉलर विकत घेत होता, चीन घेत होता, आणि ते डॉलर अमेरिकी रोख्यांत जाऊन बसत होते. आपली रिझर्व्ह बँकही त्या रांगेत होती. रुपया फार चढू नये म्हणून ती डॉलर घेई, डिसेंबर 2003 मध्ये आपला परकीय चलनसाठा 10,000 कोटी डॉलरच्या वर गेला, आणि त्याचा काही भाग परदेशी सरकारी रोख्यांत गुंतवला जाई. डॉलर घेताना बाजारात आलेले रुपये शोषून घेण्यासाठी एप्रिल 2004 पासून बाजार स्थिरीकरण योजनेचे रोखे काढावे लागले. त्यांच्या लिलावांत मी बोली लावली आहे. आम्ही बँका ते रोखे घेत असू आणि त्यांचे व्याज भारत सरकार भरत असे, तर त्या बदल्यात साठ्यातील डॉलरवर मिळणारा परतावा त्याहून कमी असे. वॉशिंग्टनमध्ये न घेतलेल्या कराचा एक बारीकसा कण मिंट रोडवरून, म्हणजे आपल्या रिझर्व्ह बँकेच्या दारावरून, जात होता, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

आपल्याकडची उलटी तऱ्हाही सांगतो, कारण ती केवळ कौतुकाने सांगण्यासारखी नाही. 1962 च्या चीन युद्धानंतर यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले आणि सह्याद्री हिमालयाच्या मदतीला धावला असे आपण म्हणतो. त्या धावण्याचे बिल मोरारजी देसाई यांच्या 1963 च्या अंदाजपत्रकात आले. जादा नफ्यावर कर, सक्तीची ठेव योजना, आणि त्याआधी जानेवारीत आलेला 14 कॅरेटहून शुद्ध सोन्याचे दागिने घडवू न देणारा सुवर्ण नियंत्रणाचा दंडक, ज्याने कित्येक सोनारांचा धंदा बसला. सक्तीच्या ठेवीला इतका विरोध झाला की ती टिकली नाही. 1971 मध्ये तेच चव्हाण अर्थमंत्री होते. बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांसाठी 15 नोव्हेंबरपासून पत्रांवर 5 पैशांचे जादा तिकीट लावणे सक्तीचे झाले. आमच्या घरी तो छोटा स्टॅम्प पाकिटावर चिकटवण्याचे काम माझे असे. त्याच वर्षी 85 टक्के प्राप्तिकरावर 15 टक्के अधिभार धरून सर्वोच्च दर 97.75 टक्के झाला होता, आणि अशा दरांमुळे करचुकवेगिरी फोफावते हे प्रत्यक्ष करांची चौकशी करणाऱ्या वांच्छू समितीने तेव्हाच लिहून दिले. कर वाढवून युद्ध लढल्याने अर्थव्यवस्था निरोगी राहते, असा निष्कर्ष मी यातून काढत नाही. पत्र लिहिणाऱ्या प्रत्येकाला देशावर काही तरी आले आहे हे 5 पैशांत कळत होते, एवढेच म्हणतो. 2003 च्या अमेरिकेत सैनिकांची कुटुंबे सोडली तर बाकीच्यांना ते कळण्याची काहीच सोय नव्हती. उलट, त्या उन्हाळ्यात मुलांमागे 400 डॉलरपर्यंतचा आगाऊ परतावा टपालाने घरी आला.

पुढचे थोडक्यात. जानेवारी 2001 मध्ये सुमारे 5.7 लाख कोटी डॉलर असलेले अमेरिकेचे एकूण कर्ज जानेवारी 2009 मध्ये 10.6 लाख कोटींवर गेले होते. ज्या तारखांना कपात संपणार होती, त्या आधी पुढे ढकलल्या गेल्या आणि जानेवारी 2013 मध्ये बहुतेक कपात कायमची झाली. फक्त वर्षाला 4 लाख डॉलरच्या वर, आणि जोडप्याच्या बाबतीत साडेचार लाखांच्या वर, कमावणाऱ्यांसाठी 39.6 टक्क्यांचा दर परत आला. तोवर इराकमधून सैन्य परतून एक वर्ष झाले होते. 2024 या वित्तीय वर्षात अमेरिकेचा निव्वळ व्याजखर्च संरक्षणखर्चाच्या वर गेला. त्यात 2008 चे संकट, 2017 ची करकपात आणि कोविड यांचाही मोठा हात आहे, त्यामुळे त्याचे खापर एकट्या 2003 वर फोडू नये.

बंद केलेले तीस वर्षांच्या रोख्याचे दुकान अमेरिकी अर्थखात्याने फेब्रुवारी 2006 मध्ये पुन्हा उघडले. त्या पहिल्या लिलावात विकलेल्या रोख्यावर साडेचार टक्के व्याज आहे, ते दर सहा महिन्यांनी दिले जाते, आणि त्याची मुद्दल 15 फेब्रुवारी 2036 रोजी परत करायची आहे.